भांड्याची किंमत काट्यावर ठरत नाही

कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात एखाद्या विद्यार्थिनीनं हातानं ठोकून घडवलेलं चांदीचं भांडं मांडलेलं असतं. काठ एका बाजूला झुकलेला, पोट एकीकडे फुगलेलं, अंगावरचे हातोडीचे घाव मुद्दाम राखलेले. बघणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात : याचा उपयोग काय, आणि हे किती ग्रॅमचं? त्यावरून सुरू होणारा वादही ठरलेला असतो. एका बाजूचं म्हणणं असं की, पिढ्यान्‌पिढ्या भांडी घडवणाऱ्या कारागिरांची विद्या या मुलांनी एका सत्रात उचलायची आणि हात बसला नाही की त्या वाकडेपणाला ‘अभिव्यक्ती’ म्हणायचं, हा परंपरेचा अपमान आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की, संगणकावर आराखडा करून यंत्रानं साचा काढायच्या काळात मुलांच्या हातात हातोडा देणं म्हणजे त्यांची वर्षं आणि आईबापांचे पैसे फुकट घालवणं. या दोन्ही बाजू एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत असं वाटतं, पण एका गोष्टीवर त्यांचं पूर्ण एकमत आहे. भांडं घडवणाऱ्यानं स्वतःचा विचार करायचा नसतो, हे दोघींनीही गृहीत धरलेलं आहे. एकीच्या मते त्यानं वाडवडिलांचा घाट जसाच्या तसा पुढे न्यायचा, दुसरीच्या मते बाजाराचा.

माझं मत याच्या उलट आहे. धातुकाम शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं सपाट पत्र्यातून निदान एक भांडं स्वतःच्या हातानं उठवलं पाहिजे. आधी तांब्यात आणि शेवटी चांदीत. ते भांडं कसं असावं हे ठरवण्याचा हक्क त्याला हवा, मग त्यात पाणी ठेवता येवो किंवा न येवो. आणि हे शिकवणारा तांबट किंवा सोनार वर्षातून एकदा प्रात्यक्षिक दाखवण्यापुरता बोलावलेला नको, पगारी शिक्षक हवा. या तीन गोष्टी सुट्या करता येत नाहीत. त्या सुट्या केल्या जातात म्हणूनच हा वाद इतकी वर्षं जागच्या जागी फिरतो आहे.

हे काम प्रत्यक्षात काय असतं ते आधी सांगतो. वीस सेंटिमीटर व्यासाची, एक मिलिमीटर जाडीची चांदीची चकती घेतली तर ती सुमारे सव्वातीनशे ग्रॅम भरते. लोखंडी खुंटावर ती तिरकी धरायची आणि तळापासून काठाकडे गोल फिरवत हातोडीचे ठोके घालत जायचं. एक फेरा पुरा झाला की व्यास थोडा आवळतो, भिंत थोडी उभी राहते. पण ठोके खाऊन चांदी कडक होत जाते, आणि तशीच ठोकत राहिलं तर काठाला चिरा पडतात. म्हणून दर फेऱ्यानंतर भांडं तापवून मऊ करायचं. मंद लालसर रंग आला की थांबायचं, आणि तो रंग नजरेला नीट दिसावा म्हणून भट्टीजवळचा उजेड कमी ठेवायचा. त्यापुढे ताप गेला तर धातू खराब होतो, आणखी पुढे गेला तर काठ वितळून खाली बसतो. मग विझवायचं, सौम्य आम्लात धुवायचं आणि पुन्हा खुंटावर घ्यायचं. असे दहा-बारा फेरे झाल्यावर कुठे भांड्याचा आकार दिसू लागतो. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं मठारायचं, म्हणजे अंग एकसारखं होतं आणि धातूला ताठपणा येतो. या सगळ्यात कुठे पत्रा जाड राहिला आहे आणि कुठे पातळ झाला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. ते हाताला आणि कानाला कळतं. पत्रा खुंटाला नीट टेकलेला असेल तर ठोका खणखणीत वाजतो, खाली पोकळी असेल तर बद्द. पुण्याच्या तांबट आळीतले जुने कारागीर गप्पा मारता मारता अचूक ठोके घालतात, ते या कानाच्या जोरावर.

दर फेऱ्यानंतर विद्यार्थ्याला काही तरी ठरवावं लागतं. खांदा इथेच वळवायचा की अजून वर न्यायचा? काठाजवळ धातू जाड होत चालला आहे, तो तसाच राखायचा की ताणून पातळ करायचा? परवाच्या फेऱ्यात एका बाजूला आलेला फुगवटा दाबून टाकायचा की त्याच्याबरोबर पुढे जायचं? कागदावर काढलेली रेघ खोडता येते, संगणकावर एक पाऊल मागे घेता येतं. धातूतही मागे येता येतं, पण प्रत्येक माघारीची किंमत धातू वसूल करतो. अशा परिस्थितीत निर्णय घेण्याची सवय ही शिक्षणातली फार मोठी गोष्ट आहे, आणि ती दुसऱ्या कुठल्या विषयात इतक्या उघडपणे शिकवता येत असेल असं मला वाटत नाही. ‘अभिव्यक्ती’ म्हणतात ती याच निर्णयांची साखळी. ती भांडं पुरं झाल्यावर वरून चिकटवलेली नक्षी नव्हे.

आता विरोधकांच्या मुद्द्यांकडे येतो. सगळ्यात वजनदार मुद्दा पैशाचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चांदीनं किलोला लाख रुपयांचा टप्पा केव्हाच मागे टाकला. मी वर सांगितलेल्या एका चकतीची नुसती धातूची किंमत निदान तीस-बत्तीस हजार झाली. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या गावातून मुंबईत येऊन, वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलीला हे कसं परवडावं? आणि एवढं करून तिला नोकरी मिळणार ती अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या एखाद्या दागिन्यांच्या कंपनीत, संगणकावर अंगठ्यांचे आराखडे काढण्याची. हुपरीसारख्या ठिकाणी, जिथे घराघरांत चांदीचं काम चालतं, तिथेही यंत्रं आली आहेत. मग श्रीमंतांच्या मुलांनी खेळावं आणि बाकीच्यांनी बघत राहावं, असला हा विषय नाही का?

तो तसा होऊ शकतो, हे मान्य. पण चांदी ही काही रंगाची नळी नव्हे की वापरली आणि संपली. फसलेलं भांडं वितळवून पुन्हा पत्रा पाडता येतो. कानशीच्या भुकटीला भाव असतो. सोनारांच्या दुकानातला केरसुद्धा झारेकरी, म्हणजे तो धुऊन धातू काढणारे, विकत घेतात, कारण त्यातही धातू असतो. एखाद्या महाविद्यालयानं पाच किलो चांदी एकदाच विकत घेऊन ठेवली तर पंधरा विद्यार्थ्यांना एकेक चकती वापरायला देता येईल. ज्याला आपलं भांडं घरी न्यायचं असेल त्यानं धातूची किंमत भरावी, संग्रहात ठेवण्याजोगं असेल ते संस्थेनं ठेवावं, उरलेली चांदी पुढच्या वर्गाला जावी. आपण घडवलेलं भांडं वितळताना पाहणं सोपं नाही, पण ते या व्यवसायाचं वास्तव आहे आणि विद्यार्थ्यानं तेही पाहावं. संगणकांच्या प्रयोगशाळेतली यंत्रं पाच वर्षांत भंगारात निघतात, तरी त्यांच्यासाठी तरतूद होते. चांदी मात्र तिजोरीत तशीच राहते, आणि तिच्यासाठी पैसे नाहीत असं सांगितलं जातं. हा पैशाचा प्रश्न राहिला कुठे?

खरी अडचण आपण चांदीकडे बघतो कसं, ही आहे. बाळाच्या उष्टावणाला चांदीची वाटी आणतो, लग्नात ताम्हण-पळी देतो, वास्तुशांतीला निरांजनं. दुकानदार ती काट्यावर टाकतो, त्या दिवसाच्या भावानं गुणतो आणि वर थोडी घडणावळ लावतो. पुढे कधी गरज पडली आणि ती वस्तू परत नेली, तर घट धरून धातूचे पैसे मिळतात आणि घडणावळ शून्य होते. म्हणजे ज्या माणसानं ती वाटी घडवली, त्याच्या दोन-चार दिवसांच्या कामाला आपल्या व्यवहारात परतीचं मूल्यच नाही. संकटात मोडता येईल अशी पुंजी म्हणून चांदी घेण्यात गैर काही नाही. कित्येक घरं दुष्काळात आणि आजारपणात त्यावरच तगली आहेत, विशेषतः ज्या बायकांच्या नावावर दुसरं काहीच नव्हतं त्यांच्यासाठी ही चांदीच आधार होती. ते नाकारणं हा उद्धटपणा होईल. पण त्याचा एक परिणाम असा झाला की, कारागिरानं वेगळा विचार करण्यात कुणाचंच हित उरलं नाही. त्यानं आठवडाभर झटून अप्रतिम घाट काढला तरी काटा तेच आकडे दाखवणार. कुंभाराच्या मातीला ही बेडी नव्हती. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली पाँडिचेरीत मातीकामाची शाळा उभी केली, तिथे शिकलेल्यांच्या वाकड्यातिकड्या, खरबरीत, कशालाच उपयोगी न पडणाऱ्या घटांना आज कलादालनांत मान आहे, आणि तिथे कुणी ‘किती किलोची माती?’ असं विचारत नाही. वजनाचा प्रश्न असा मागे पाडण्याचं काम विद्यार्थ्यांचं चांदीचं भांडं आज आपल्याकडे करू शकतं. वितळवलं तर ज्यात धातूपेक्षा जास्त काही तरी नष्ट होईल, असं भांडं विद्यार्थी घडवतो. असं भांडं डोळ्यांसमोर आल्याशिवाय गिऱ्हाइकाची नजर बदलेल, असं मानायला काय आधार आहे?

दुसरा आक्षेप कौशल्याचा. वाकडं करायला काय लागतं, हा प्रश्न कारागिरांकडून येतो तेव्हा मी तो फार गंभीरपणे घेतो, कारण तो विचारण्याचा अधिकार त्यांनी मिळवलेला आहे. आणि त्यात तथ्यही आहे. प्रदर्शनांत दिसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या भांड्यांपैकी बरीचशी कच्ची असतात. जिथे डाक, म्हणजे धातूचा जोड, नीट बसलेला नाही तिथे ‘तुटलेपण’ असा फलक, आणि जिथे मठारणं जमलं नाही तिथे ‘कच्चा पोत’. हे चालू देता कामा नये. ज्याला सरळ काठ आणता येत नाही, त्याचा वाकडा काठ हा निर्णय नसतो. पण याचा अर्थ विषय चुकीचा आहे असा होत नाही. त्याला दिलेला वेळ फार थोडा आहे, एवढाच होतो. जर्मनीतल्या बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेच्या धातुशाळेत १९२४ साली मारिआना ब्रांट दाखल झाल्या. तिथे बाईला जागा नाही, असं मानणाऱ्या सहकाऱ्यांनी त्यांना सुरुवातीला कंटाळवाणी कामं दिली. ठिसूळ चांदीतून लहान लहान अर्धगोल ठोकून काढायचे, एकामागून एक. हे त्यांनीच पुढे आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षी त्यांच्या हातून एक चिमुकली चहादाणी घडली : अर्धगोल पोट, आडव्या पट्ट्यांच्या फुलीवर उभं, वर अर्धवर्तुळाकार काळ्या लाकडाची मूठ. विसाव्या शतकातल्या भांड्यांचा कुठलाही इतिहास तिच्याशिवाय पुरा होत नाही. तिची एक प्रत २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३ लाख ६१ हजार डॉलरना गेली. ते अर्धगोल त्यांनी कंटाळत का होईना ठोकले नसते, तर त्या चहादाणीचं पोट त्यांच्या हाताला सुचलं असतं का? दोन्ही गोष्टी एकाच बाईनं केल्या, आणि विद्यार्थिनी असताना केल्या. कौशल्य आधी आणि अभिव्यक्ती नंतर कधी तरी, नोकरीतून निवृत्त झाल्यावर, असा क्रम तिथे नव्हता.

हेच उदाहरण यंत्राच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही लागू पडतं. बाउहाउसची ती भांडी यंत्रयुगाची खूण म्हणून ओळखली जातात, पण त्या काळी ती हातोडीनंच घडत होती. त्याच धातुशाळेतले विल्हेल्म वागेनफेल्ड आपले दिवे घेऊन लाइपत्सिगच्या व्यापारी जत्रेत गेले, तेव्हा व्यापारी हसले. दिसायला यंत्रातून निघाल्यासारखे आणि किंमत मात्र हातकामाची! विरोधकांसाठी हा भक्कम पुरावा आहे, आणि मी तो लपवणार नाही. पण पुढे काय झालं? त्याच ब्रांट आणि त्याच वागेनफेल्ड यांनी पुढे कारखान्यांसाठी दिवे, काचेची आणि धातूची भांडी आखली, आणि ती लाखो घरांत पोहोचली. पत्रा कुठे ताणतो आणि कुठे फाटतो हे ज्याच्या मनगटाला ठाऊक आहे, त्याचा यंत्रासाठीचा आराखडाही वेगळा उतरतो. डेन्मार्कच्या हेनिंग कॉपेल यांचं उदाहरण यावर प्रतिवाद म्हणून दिलं जातं. ते शिल्पकार होते, चांदीकाम शिकलेले नव्हते, तरी जॉर्ज जेन्सनच्या चांदीच्या कारखान्यासाठी १९५२ साली त्यांनी आखलेली पाणी वाढायची सुरई आजही घडवली जाते. खरं आहे. पण त्यांच्या मातीच्या नमुन्यातला तो फुगीर, जिवंत आकार चांदीत उतरवायला शेजारी तयार हातांची अख्खी कार्यशाळा होती, आणि ती उभी करणारा जेन्सन स्वतः चौदाव्या वर्षापासून सोनारकाम शिकलेला होता. आपल्या आराखडेकारांच्या शेजारी कोण बसलेलं आहे?

आपल्याकडे कलाशाळा आणि धातूचा संबंध नवा नाही, हे या वादात कुणी आठवतही नाही. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जी कलाशाळा निघाली, तिचा मूळ हेतूच कारागिरी हा होता. १८६०च्या दशकात तिथे तीन कार्यशाळा होत्या : ग्रिफिथ्स यांची रंगकामाची, किपलिंग यांची शिल्पकामाची आणि हिगिन्स यांची लोखंडी नक्षीकामाची. बोरीबंदरच्या स्थानकाच्या अंगावरची सजावट याच शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातची आहे. रोज लाखो लोक तिच्याखालून जातात. १८९१ साली तिथे लॉर्ड रे यांच्या नावानं हस्तकलांच्या कार्यशाळा निघाल्या. पण एकाच आवारात हळूहळू दोन जाती तयार झाल्या. चित्र आणि शिल्प करणारे कलावंत ठरले, आणि धातू, माती, लाकूड हाताळणारे कारागीर. कलावंतानं कल्पना करायची, कारागिरानं हुकमाप्रमाणे करून द्यायचं. ज्या समाजात हातानं काम करणाऱ्याला आधीच खालची पायरी दिलेली होती, तिथे ही वाटणी किती सहज मुरली असेल! आज ‘विद्यार्थ्यांनी भांड्यात अभिव्यक्ती कशाला करावी’ असं विचारणारे लोक ही वाटणी निसर्गनियम असल्यासारखी धरून चालतात. ती दीडशे वर्षांची आहे, त्याहून जुनी नाही.

मद्रासच्या कलाशाळेची हकिकत याहून बोलकी आहे. तिथे १८९८ साली आल्फ्रेड चॅटर्टन यांनी अॅल्युमिनियमची भांडी घडवण्याचं काम सुरू केलं. हा धातू तेव्हा इथल्या कारागिरांना नवाच होता. शाळेतला तो प्रयोग इतका चालला की, काही वर्षांत तो एका खासगी कंपनीच्या हाती सोपवावा लागला आणि त्यातून एक उद्योगच उभा राहिला. कलाशाळेत भांडी घडवून पोट भरत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसं व्हावं. तरी त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अॅल्युमिनियमनं आणि त्यामागून स्टीलनं तांब्या-पितळेच्या कारागिरांचा बाजार खाल्ला. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत, जिथे पेशवाईपासून हंडे, घंगाळी आणि नंतर पाणी तापवायचे बंब घडत होते, तिथे एकेक हातोडी थांबत गेली. बाजाराला हवं ते शिकवा, या एका सूत्रावर चाललं की असंही होतं. बाजार आज जे मागतो ते उद्या टाकून देतो, आणि ज्यांना दुसरा विचार करायला कधी शिकवलंच नाही, ते त्याच्याबरोबर फेकले जातात. तांबट आळीतले जे कारागीर आज टिकून आहेत, त्यांच्यापैकी कित्येकांनी बंब सोडून दिव्यांच्या टोप्या, फुलदाण्या, वाडगे असे नवे घाट हातात घेतले म्हणून टिकले.

आणि परंपरेच्या नावानं अभिव्यक्तीला विरोध करणाऱ्यांनी परंपरा तरी नीट पाहावी. महाराष्ट्राच्या देव्हाऱ्यांतले चांदीचे टाक पाहा. पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला खंडोबाचा घोडा दर सोनाराच्या हातून वेगळा उतरतो. कुठे तो रिंगणात दौडतो आहे, कुठे नुसता उभा, कुठे म्हाळसेचे डोळे चेहऱ्यापेक्षा मोठे. गौरींचे मुखवटे गावागणिक बदलतात. कुलूजवळ सापडलेला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा काशाचा लोटा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्या पोटाभोवती रथ, हत्ती, घोडेस्वार आणि वादक अशी सबंध मिरवणूक कोरलेली आहे. तो लोटा करणाऱ्याला पाणी पिण्यापलीकडे काही सांगायचं नव्हतं का? भूजच्या ऊमरसी मावजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या चांदीच्या भांड्यांवर स्वतःच्या नावाची आद्याक्षरं ठोकली, आणि आज जगभरचे संग्राहक ती दोन अक्षरं शोधत असतात. त्या काळात भारतीय चांदी ‘कच्छी’, ‘पुणेरी’, ‘मद्रासी’ अशी गावांच्या नावांनी विकली जात होती. त्यात या एका माणसानं आपलं नाव पुसू दिलं नाही.

हा नावाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला, ज्यातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची अतोनात स्तुती केली, आणि असा घाट कुणा एका माणसाला आखता येणं शक्य नाही, तो पिढ्यांनी घडवला, असं म्हटलं. निरीक्षण सुंदर आहे. डिझाइनच्या वर्गांत ते अजूनही श्रद्धेनं सांगितलं जातं. पण त्याचा आपण जो उपयोग करून घेतला तो मला सलतो. लोटा कुणा एकाचा नाही, म्हणून समोर बसून लोटा घडवणाऱ्या तांबटालाही नाव विचारायची गरज नाही, अशी आपली सोय झाली. पिढ्या म्हणजे तरी कोण? कुणी तरी एका दुपारी मान थोडी अरुंद केली, कुणी तरी काठ बाहेर वळवला, आणि शेजाऱ्यानं ते पाहून उचललं. दर बदलामागे एक डोकं होतं. परंपरा जपायची म्हणजे त्या डोक्यांनी काढलेले घाट काचेच्या कपाटात ठेवायचे, की तसं डोकं चालवण्याची मुभा पुढच्याला द्यायची?

शिवाय कुटुंबात चालत आलेली विद्या कुणाला मिळत होती, हेही विचारलं पाहिजे. बापाकडून मुलाला. मुलीच्या हातात घण क्वचितच आला, आणि दुसऱ्या जातीच्या पोराला त्या पडवीत बसायला कोण देणार होतं? कलाशाळेत कासाराचा मुलगा, शिक्षिकेची मुलगी आणि शेतमजुराचा नातू एकाच खुंटाभोवती बसतात. त्यांच्या हातून पहिल्या वर्षी वाकडं भांडं झालं तर होऊ द्यावं. त्यांना ही विद्या पहिल्यांदाच मिळते आहे.

उरतो सगळ्यात अवघड आक्षेप, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. विद्यार्थी कारागिराकडून शिकतो, मग तेच तंत्र वापरून केलेलं भांडं कलादालनात त्याच्या नावानं कारागिराच्या अनेक पट किमतीला विकलं जातं. हा अन्याय खरोखर घडतो. मीरा मुखर्जी यांच्यासारख्या शिल्पकार म्युनिकहून शिकून आल्यावर बस्तरच्या घडवा कारागिरांकडे जाऊन बसल्या, त्यांची ओतकामाची पद्धत शिकल्या, आणि देशभरच्या धातू कारागिरांबद्दल आस्थेनं लिहीतही राहिल्या. पण तेवढी निष्ठा प्रत्येकात असेल असं धरून चालता येत नाही. ती व्यवस्थेत आणावी लागते, आणि व्यवस्था म्हणजे नेमणूक, पगार आणि नाव.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हातानं चांदीचं भांडं उठवणं शिकवू शकेल असा शिक्षक मिळणं दुरापास्त झालं होतं. तेव्हा मार्गरेट क्रेव्हर या चांदीकाम करणाऱ्या बाईंच्या पुढाकारानं, हँडी अँड हार्मन या मौल्यवान धातू शुद्ध करणाऱ्या कंपनीच्या पैशावर, १९४७ ते १९५१ अशी पाच वर्षं उन्हाळी कार्यशाळा भरल्या. विद्यार्थी होते कलाशाळांतले शिक्षक, आणि शिकवायला इंग्लंड आणि स्वीडनहून कसबी चांदीकार आणले. मोजकीच माणसं दर वर्षी शिकली, आपापल्या विद्यापीठांत परतली, आणि अमेरिकेत धातूच्या भांड्यांची एक नवीच पिढी तयार झाली. तुटलेला धागा त्यांना समुद्रापलीकडून आणावा लागला. आपला अजून तुटलेला नाही. तांबट आळी पुण्याच्या मध्यवस्तीत आहे, हुपरी कोल्हापूरहून जवळ आहे. पंजाबातल्या जंडियाला गुरूच्या ठठेऱ्यांची, म्हणजे तिथल्या तांबट-कासारांची, भांडी घडवण्याची विद्या युनेस्कोच्या वारसा यादीत २०१४ साली गेली, त्यांच्याहून आपल्या तांबटांचं काम उणं नाही. तरीही या माणसांना महाविद्यालयात शिकवायला नेमायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो पदवीचा.

त्यावरही आता तोडगा आहे. स्थानिक कलाकारांना आणि कारागिरांना महाविद्यालयांत सामावून घेण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२३ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली. महाराष्ट्रातल्या किती धातू विभागांनी त्यांचा आधार घेऊन एखाद्या तांबटाला सबंध वर्षासाठी, इतर शिक्षकांच्या बरोबरीच्या मानधनावर बोलावलं, हे प्राचार्यांना आणि कला संचालनालयाला विचारायला हवं. बोलावताना त्याला एक चकती चांदीचीही द्यावी आणि सांगावं की, यातून गिऱ्हाइकानं मागितलेलं नव्हे, तुम्हाला हवं ते भांडं करा. पुढच्या वार्षिक प्रदर्शनात ते विद्यार्थ्यांच्या भांड्यांशेजारी मांडावं, खाली त्याचं नाव लिहावं, आणि वजनाचा आकडा कुठेही लिहू नये.